नवा ट्रान्झिस्टर टाकला तरी आवाज पुन्हा फाटतो: दोष ट्रान्झिस्टरचा की बायसचा?

गेली तीन वर्षं श्रावण सरत आला की नौपाड्यातल्या एका सोसायटीचा तोच ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर येतो. आरतीचा माइक, त्याच्यामागे पत्र्याच्या डब्यात माइकचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा, एका ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीॲम्प आणि मग मुख्य ॲम्प्लिफायर. तक्रारही दर वर्षी तीच. "काका, पहिली आरती छान होते, दुसरीच्या मध्यावर आवाज फाटायला लागतो. बंद करून तासाभराने लावला की पुन्हा ठीक."

पहिल्या दोन वर्षी मी ट्रान्झिस्टर बदलून दिला. एका वर्षी काम चाललं, दुसऱ्या वर्षी डबा चारच दिवसांत परत आला. उत्सवाच्या दिवसांत माणसं माइकसाठी ताटकळत उभी राहिली याचं मला वाईट वाटलं. तिसऱ्या वर्षी मी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवली आणि आधी कागद-पेन्सिल घेतली. शनिवारी माझ्याकडे ऐरोलीला डिप्लोमाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यांच्या बोर्डवरही हेच दुखणं वेगवेगळ्या रूपांत दिसतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसमधला छोटा करंट कलेक्टरमधला मोठा करंट ठरवतो. डब्यातलं सर्किट बहुतेकांनी पहिल्या प्रॅक्टिकलला जोडलेलं असतं. १२ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला २.२ किलोओहम, बेसला थेट १२ व्होल्टपासून १ मेगाओहम, एमिटर सरळ ग्राउंडला, ट्रान्झिस्टर बीसी ५४७. सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर किती करंट-व्होल्टेजवर उभा राहील हे ठरवणारी जोडणी म्हणजे बायस, आणि या प्रकाराला फिक्स्ड बायस म्हणतात. बेसमध्ये किती करंट जाईल हे यात ठरलेलं असतं: १२ व्होल्टमधून बेस-एमिटरचे ०.६५ व्होल्ट वजा केले, १ मेगाओहमने भागलं, की साधारण ११.३५ मायक्रोअँपिअर. कलेक्टरमध्ये मात्र याच्या बीटापट करंट वाहणार; बीटा म्हणजे बेसचा करंट ट्रान्झिस्टर किती पट करतो तो आकडा. आणि बीटा किती, ते त्या एका नगावर अवलंबून.

बीसी ५४७ चे तीन गट येतात. २ मिलिअँपिअर कलेक्टर करंटला ए गटाचा बीटा ११० ते २२०, बी गटाचा २०० ते ४५०, सी गटाचा ४२० ते ८००. म्हणजे एकाच नावाच्या दोन नगांमध्ये सातपट फरक असू शकतो आणि दोन्ही नग निर्दोष असतात. बेसचा थर अतिशय पातळ असतो. त्याच्या जाडीत किंवा त्यातल्या अशुद्धीच्या प्रमाणात किंचित फरक पडला तरी बीटा कुठल्या कुठे जातो. कारखान्यातही नग आधी तयार होतात आणि मग मोजून गटांत वाटले जातात.

आता हे आकडे आपल्या डब्यात घालून बघा. बीटा २४० असेल तर कलेक्टर करंट २.७ मिलिअँपिअर, २.२ किलोओहमवर ६ व्होल्ट पडतात, कलेक्टर बरोबर मध्यावर, ६ व्होल्टला. ज्याने हे सर्किट पहिल्यांदा जोडलं त्याच्या हाती असाच नग असणार. बीटा १२० असेल तर कलेक्टर ९ व्होल्टवर चढतो. तेवढ्यावरही आवाज येतो, पण माइकजवळ कुणी ओरडलं की वरची बाजू छाटली जाते. बीटा ४७० च्या पुढे गेला की सगळे १२ व्होल्ट २.२ किलोओहमवरच संपतात, कलेक्टर ०.१-०.२ व्होल्टला चिकटतो आणि ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो. तिथून पुढे सिग्नलला खाली जायला जागाच उरत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं "बीसी ५४७ द्या" म्हटलं की ज्या गटाचं पाकीट वर असेल ते मिळतं. दुकानदाराची यात काहीच चूक नाही, गट आपण सांगितलेलाच नसतो.

मी बसवलेल्या नगाचा बीटा मीटरवर ३९० आला. कलेक्टर थंड असताना २.३ व्होल्टवर होता. म्हणजे पहिल्या आरतीला तो काठावर उभा होता. मग डबा मंडपातल्या ट्रान्सफॉर्मरशेजारी तापला. तापमान एक अंश सेल्सिअस वाढलं की बीटा साधारण अर्धा ते एक टक्का वाढतो. पत्र्याचा डबा पंचवीस-तीस अंशांनी तापणं मंडपात काही विशेष नाही. बीटा वीस टक्के वाढून ४६८ झाला, कलेक्टर ०.३ व्होल्टवर आला, आवाज फाटला. डबा थंड झाला की सगळं पूर्ववत. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा मारून मी कलेक्टरचा आकडा डोळ्यांसमोर घसरताना पाहिला. तुमच्याकडेही "थोड्या वेळाने बिघडतं" अशी तक्रार असेल तर हीच चाचणी आधी करा. ड्रायर जवळ नेऊन प्लॅस्टिक वितळेल इतका वेळ मात्र धरू नका.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा, आणि ठाणे-नवी मुंबईत तो नेहमीच निघतो. खाडीकाठची दमट, खारी हवा, झिरो पीसीबीवर (भोकांच्या साध्या बोर्डवर) सोल्डरिंगनंतर तसाच राहिलेला चिकट फ्लक्स आणि त्यावर बसलेली धूळ. बेसच्या शेजारच्या पट्टीवर १२ व्होल्ट असतील तर या थरातून थोडी गळती होते. गळतीचा रोध ५ मेगाओहम धरला तर बेसला आणखी सव्वादोन मायक्रोअँपिअर मिळतात, म्हणजे आधीच्या करंटमध्ये वीस टक्के भर. उष्णतेने जे घडलं तेच ओलाव्याने घडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्डाची सोल्डरची बाजू घासून पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मग पुन्हा मोजा. बऱ्याच बोर्डांचा कलेक्टर नुसत्या सफाईने अर्धा-एक व्होल्ट हललेला मी पाहिलाय.

मोजताना कुठे फसगत होते

पहिली फसगत मीटरच्या एचएफई (म्हणजे बीटाच) मोजायच्या सॉकेटमध्ये होते. डीटी ८३० जातीचा स्वस्त मीटर बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर देऊन, तीनेक व्होल्टवर बीटा मोजतो. तो आकडा त्याच परिस्थितीपुरता खरा. तुमचं सर्किट ५० मिलिअँपिअरवर किंवा ५० मायक्रोअँपिअरवर चालत असेल तर तिथला बीटा वेगळा असणार. फार कमी करंटला बेस-एमिटर जंक्शनमध्ये होणाऱ्या पुनर्संयोगामुळे तो घटतो, फार जास्त करंटला दुसऱ्या कारणांनी घटतो. शिवाय ट्रान्झिस्टर चिमटीत धरून सॉकेटमध्ये घातला की बोटांच्या उबेने आकडा चढत राहतो. नग घातल्यावर हात काढा, आकडा स्थिरावू द्या आणि मगच वाचा.

दुसरी फसगत जास्त घातक आहे, कारण तिथे आपण बरोबर पद्धतीने चाललोय असं वाटतं. बेस करंट काढायचा म्हणून मुलं १ मेगाओहमच्या दोन्ही टोकांना मीटर लावतात. या स्वस्त मीटरचा इनपुट रोधही १ मेगाओहमच असतो. दोन समान रोध समांतर आले की बेसला दुप्पट करंट जातो आणि चांगला चाललेला ट्रान्झिस्टर तुम्ही मोजत असेपर्यंत सॅच्युरेट होतो. मीटर काढला की पुन्हा ठीक. "हात लावला की बिघडतं" असं सांगत आलेल्या दोन मुलांचा दोष हाच होता. म्हणून फिक्स्ड बायसमध्ये कलेक्टरचा व्होल्टेज ग्राउंडच्या संदर्भात मोजा. तिथे २.२ किलोओहमपुढे मीटरचा भार नगण्य आहे. १२ मधून तो आकडा वजा करा, २.२ ने भागा, कलेक्टर करंट मिलिअँपिअरमध्ये मिळाला. बेसचा १ मेगाओहम पुरवठा बंद करून, एक पाय सोडवून वेगळा मोजा. इतक्या मोठ्या किमतीचे रेझिस्टर जुने झाले की सरकतात, कधी ओपनही होतात. त्यासाठी दोन मिनिटं द्यावीत.

उपाय

सोपा वाटणारा उपाय म्हणजे नगाला साजेसा बेस रेझिस्टर निवडणं: बीटा ३९० आला तर १ मेगाओहमऐवजी १.५ किंवा १.८ मेगाओहम टाकायचा. आणीबाणीत, संध्याकाळी आरती आहे आणि दुकानं बंद आहेत, तेव्हा हे करा. पण पुढच्या वर्षी कुणीतरी ट्रान्झिस्टर बदलला की गाडं पुन्हा तिथेच अडतं. ज्या सर्किटचं चालणं एका नगाच्या बीटावर टेकलेलं आहे ते सर्किटच बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मी डब्यात व्होल्टेज डिव्हायडर बायस बसवला. १२ व्होल्ट ते बेस ४७ किलोओहम, बेस ते ग्राउंड १० किलोओहम, कलेक्टरला ३.९ किलोओहम, एमिटरपासून आधी २२ ओहम, मग त्याच्या मागे १ किलोओहम ग्राउंडला. फक्त १ किलोओहमवर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, त्याची धन बाजू २२ ओहमकडे.

हे कसं सावरतं ते समजून घ्या, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. डिव्हायडर बेसला २ व्होल्टच्या जरा वर धरून ठेवतो. त्यातून बेस-एमिटरचे ०.६५ गेले की एमिटरवर १.४ व्होल्ट उरतात आणि एमिटरचा रोध ठरलेला असल्यामुळे करंटही १.४ मिलिअँपिअरच्या आसपास ठरतो. बीटा जास्त असलेल्या नगाने जास्त करंट ओढायचा प्रयत्न केला की एमिटरचा व्होल्टेज वर चढतो, बेस-एमिटरमधलं अंतर कमी होतं आणि करंट आपोआप मागे हटतो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला निगेटिव्ह फीडबॅक ॲम्प्लिफायरची कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत, कामावर जाताना सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच उतरवली. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना मला हे आठवतं आणि मनापासून आनंद होतो. त्यावेळी ट्रान्झिस्टर जन्मालाही आला नव्हता, तो आला १९४७ च्या डिसेंबरात.

हिशोब करून पाहा. बीटा ११० असलेल्या नगाला कलेक्टर येतो ६.९ व्होल्टवर, ८०० असलेल्याला ६.५ व्होल्टवर. सातपट फरकाचा परिणाम ०.४ व्होल्ट. मी ए, बी आणि सी तिन्ही गटांचे नग आळीपाळीने लावून पाहिले, आवाजात फरक कळला नाही. ड्रायर मारला, आकडा जेमतेम हलला. ५ मेगाओहमची गळती ४७ किलोओहमच्या शेजारी काहीच बिघडवू शकत नाही.

बीटाचं महत्त्व इथे पूर्ण संपतं असं मात्र नाही. माइकला दिसणारा इनपुट रोध अजूनही बीटावर अवलंबून असतो, कारण एमिटरच्या बाजूचे ४०-४१ ओहम (बसवलेले २२ आणि ट्रान्झिस्टरचे स्वतःचे सुमारे १९) बेसकडून बीटापट मोठे दिसतात. डिव्हायडरसकट हिशोब केला तर हा रोध ११० ला २.९ किलोओहम, ८०० ला ६.६ किलोओहम. ६०० ओहमच्या डायनॅमिक माइकला दोन्ही चालतात, आवाजात दहाएक टक्क्यांचाच फरक. पण जास्त रोधाचा पिकअप किंवा क्रिस्टल माइक लावणार असाल तर हे सर्किट त्याला दाबून टाकेल. तिथे माइक आणि या सर्किटच्या मध्ये एक एमिटर फॉलोअर, म्हणजे माइकवर भार न टाकणारा ट्रान्झिस्टरचा टप्पा, हवा.

डीसी ठीक, तरी आवाज बारीक

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सेटमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि यातही बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवरच आळ येतो. बेस २.१, एमिटर १.४, कलेक्टर ६.६, सगळं जागच्या जागी, पण आवाज मेलेला. मग एमिटरवरच्या इलेक्ट्रोलिटिककडे बघा. तो चांगला असताना व्होल्टेज गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, साधारण ३९०० भागिले ४१, म्हणजे ९५ च्या आसपास. तो सुकला की पूर्ण १ किलोओहम सिग्नलच्या वाटेत येतो आणि गेन पावणेचारवर उतरतो. डीसी करंट कपॅसिटरमधून जातच नाही, म्हणून मीटरला काही कळत नाही. दुसरा चांगला १०० मायक्रोफॅरड त्याच्यावर समांतर टेकवा, आवाज एकदम उसळला तर निदान झालं. टेकवताना व्हॉल्यूम कमी ठेवा, स्पीकर वाचेल.

२२ ओहम का ठेवले, असं मुलं विचारतात. ते काढून एमिटर कपॅसिटरने थेट ग्राउंड केला तर गेन दोनशेच्या वर जातो, पण मोठ्या आवाजाला सिग्नलचा आकार वेडावाकडा होतो. माणसाचा आवाज आहे, शब्द कळले पाहिजेत. दुपटीने गेन सोडून मला तो स्पष्टपणा हवा होता.

पाय उलटे लागले तर

मागच्या महिन्यात एक मुलगी बोर्ड घेऊन आली. बीसी ५४७ मिळाला नाही म्हणून तिने टूएन ३९०४ लावला होता, सपाट बाजू त्याच दिशेला. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. टूएन ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. बेस मध्येच राहिल्यामुळे सगळं बरोबर दिसतं आणि डायोड टेस्टला दोन्ही जंक्शन नीट लागतात.

उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मुका नसतो, त्या दिशेने त्याचा बीटा अगदी थोडा असतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर कलेक्टरच्या जागी जवळजवळ पुरवठ्याइतकाच व्होल्टेज दिसतो. १२ व्होल्टवर त्याहून वाईट घडतं. बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सुरक्षित धरलेलं असतं. पाय उलटे लागले की त्यावर अकरा-साडेअकरा व्होल्ट येऊ पाहतात, जंक्शन ॲव्हेलांचमध्ये जातं, म्हणजे उलट दिशेनेही करंट सोडू लागतं, आणि कलेक्टरच्या जागी व्होल्टेज आठ-नऊच्या आसपास अडकून बसतो. स्पीकरमधून सूं-सूं असा आवाजही येतो.

यातून नग जळत नाही, पण त्याचा बीटा कायमचा घटतो, विशेषतः कमी करंटला, आणि खरखर वाढते. म्हणून असा नग सरळ केल्यावर पुन्हा वापरू नका, चांगल्या नगांच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. तिने तो सरळ करून लावला होता आणि तरीही आवाजाखाली खरखर येत होती. नवा नग लावताच ती गेली. ज्या इनपुटला माणसं चालू सेटमध्ये पिना काढतात-घालतात तिथेही कपलिंग कपॅसिटरमधून उलटा झटका बेसवर येऊ शकतो. तिथे बेस-एमिटरवर एक १एन ४१४८ डायोड उलटा टाकून ठेवा, पट्टा बेसकडे. दर वर्षी त्याच जागचा ट्रान्झिस्टर "अशक्त" होत असेल तर हा डायोड आधी लावून पाहा.

रिले, एलईडी पट्टी, पॉवर ट्रान्झिस्टर

थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टर स्विच म्हणून वापरत असाल तर मीटरवर दिसलेल्या ३०० ने भागून बेस रेझिस्टर काढू नका. बीसी ५४७ चा सॅच्युरेशनचा आकडा डेटाशीटमध्ये १०० मिलिअँपिअर कलेक्टरला ५ मिलिअँपिअर बेस देऊन सांगितलेला असतो, म्हणजे वीसपट. तोच हिशोब धरा. आणि १०० मिलिअँपिअर ही त्याची कमाल मर्यादाच आहे, त्यापुढे दुसरा ट्रान्झिस्टर घ्या. टूएन ३०५५ चा बीटा ४ अँपिअरला २० ते ७०, तर १० अँपिअरला किमान ५ एवढाच. "ड्रायव्हर तापतो आणि आउटपुट पुरत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

नौपाड्याच्या डब्यात झाकणाच्या आतून आता एक कागद चिकटवलाय: पुरवठा १२, बेस २.१, एमिटर १.४, कलेक्टर ६.६. खाली लिहिलंय, कुठलाही बीसी ५४७ चालेल, सपाट बाजू व्हॉल्यूमकडे. यंदा तो डबा परत आलेला नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन कलेक्टर मोजून आलो, ६.६ होता.